दमानं

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर पहाटे साडेपाचला आकाराम चौगुले म्हशीला म्हणाले, "दमानं गं, दमानं," आणि शेजारी स्टुलावर बसलेल्या त्यांच्या लेकीचा डावा पाय ताडकन सरळ झाला. पायापुढं बादली होती. बादली उडाली, दूध फरशीवर पसरलं आणि पेले हातात धरून धारोष्ण दुधाची वाट बघणारी चार गिऱ्हाईकं दोन पावलं मागं सरली.

"चौगुले, ह्यातली लाथाळ म्हैस कंची?" एकानं विचारलं. बाकीचे हसले.

कोयना म्हैस बिचारी गरीब गाईसारखी उभी होती. लाथ राजनंदिनीनं मारली होती. सगळी गंगावेश तिला नंदू म्हणते. ही नंदू म्हणजे साधीसुधी पोरगी नव्हे. चिंचेचा पार तालमीच्या पोरांत खेळून वाढलेली, गोव्याच्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबाकडून सात मोसम पुढच्या फळीत खेळलेली. तिचा डावा पाय म्हणजे नाद खुळा, असं कट्ट्यावरचं मत. पण बादलीवर तो कधी चालवलेला कुणी पाहिला नव्हता.

"आबा, मी काय केलो नाही. ह्यानंच केलं," नंदू गुडघ्याकडं बोट दाखवत म्हणाली. कोल्हापूरच्या पोरी 'मी आलो, मी केलो' असंच बोलतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

"त्याला म्हशीचा वास चालत नसंल," आकाराम म्हणाले आणि टॉवेलानं फरशी पुसायला लागले. आठवडाभरात ही तिसरी बादली होती.

अकरा महिन्यांपूर्वी एका सामन्यात नंदू चेंडू घेऊन डाव्या पायावर गर्रकन वळली आणि खाली कोसळली. कुणी धक्का दिला नव्हता, कुणी पाय घातला नव्हता. गुडघ्याच्या आत फुलीसारखे आडवेतिडवे दोन अस्थिबंध असतात. त्यातला पुढचा तुटला होता, आणि तोही दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी मांडीतली शीर काढून तिथं बसवली होती, ती दोन वर्षं टिकली. आता परत बसवण्यासारखं काही उरलं नव्हतं. घरी बस, असं डॉक्टर लोक गोड शब्दांत सांगत होते.

तेव्हा पुण्याच्या एका संशोधन संस्थेत डॉ. अस्मिता कर्णिक भेटल्या. त्यांनी 'जाणता बंध' तयार केला होता. रुग्णाच्याच पेशी घ्यायच्या आणि केसाहून बारीक अशा धाग्याभोवती वाढवायच्या. हा धागा स्नायूसारखा आवळतो आणि सैल पडतो. कधी आवळायचं आणि कधी सोडायचं, ते हाडात बसवलेला ज्वारीएवढा एक दाणा ठरवतो. पण नवा बंध म्हणजे तान्हं पोर. त्याला काहीच कळत नसतं. म्हणून पहिले नऊ महिने त्याला तोंडी शिकवायचं. रुग्णाचा आवाज आणि घरातल्या एका माणसाचा आवाज, एवढे दोनच आवाज तो ऐकतो. त्या घरच्या माणसाला डॉक्टर 'सोबती' म्हणत. घट्ट, सैल, थांब, हळू, वळ, अशा वीस शब्दांची यादी सोबत्याला दिलेली असते. शिकवणी संपली की दाण्याचा कान बंद करायचा. कारण ऐकू येणारा गुडघा घेऊन मैदानात उतरायला फुटबॉल महासंघाची परवानगी नाही. बाहेरून कुणी ओरडायचं आणि आत पाय चालायचा, हा कुठला खेळ?

नंदूचे सोबती अर्थातच आबा. आई लहानपणीच गेलेली, घरात बापलेक आणि तीन म्हशी. पहिल्याच आठवड्यात नंदूच्या 'मी उठतो, मी बसतो'मुळं दाण्याचा गोंधळ उडाला, हा पुरुष कोण बोलतोय म्हणून तो गप्पच बसला. पुण्याच्या मंडळींनी तो घोळ दुरुस्त केला आणि 'आता आमच्या दाण्याला कोल्हापुरी येते' असं कौतुकानं कळवलं. कोल्हापुरी इतक्या स्वस्तात येत नाही, हे त्यांना कोण सांगणार!

आता तीन आठवडे उरले होते. मोसमाआधीचा सराव सामना खेळायला नंदूचा क्लब कोल्हापुरातच येणार होता. प्रशिक्षक तिला शेवटचा अर्धा तास खेळवून बघणार आणि त्याच संध्याकाळी मोसमाची यादी जाहीर होणार. यादीत नाव आलं तर ती खेळाडू. नाही आलं तर एकोणतीस वर्षांच्या, दोनदा मोडलेल्या पायाला पुढच्या वर्षी कुणी दारात उभं करणार नव्हतं. हे नंदूला ठाऊक होतं, आबांना ठाऊक होतं, आणि चार बादल्या सांडलेल्या कट्ट्यालाही ठाऊक होतं. हो, शनिवारी चौथी सांडली.

त्याच शनिवारी दुपारी डॉ. कर्णिक कान बंद करायला पुण्याहून आल्या. गोठ्यालगतच्या सोप्यात नंदूला बसवून त्यांनी गुडघ्यावर एक पातळ पट्टी लावली आणि दाण्याची डायरी उघडली. बंध कधी आवळला, कधी सुटला, कुणाच्या शब्दावर, सगळं त्यात लिहिलेलं असतं. बघता बघता त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"काका, रोज पहाटे साडेपाचला तुम्ही हिच्याकडून कसला व्यायाम करून घेता?"

"पहाटे? पहाटे मी धार काढतो. ही नुसती बसलेली असती."

"पण त्या वेळी बंध पूर्ण ताकदीनं आवळलाय. रोज. नंतर दिवसभरात आणखी चाळीस-पन्नास वेळा. जिना उतरताना, न्हाणीतून बाहेर येताना, रिक्षातून उतरताना..."

"उतरताना मीच असतो की बाजूला," आकाराम म्हणाले. "पोरीला आधार देतो, दमानं म्हणतो..."

नंदूचा पाय ताडकन सरळ झाला. डॉक्टरांची पट्टी उडून पेंडीच्या पोत्यावर पडली.

डॉक्टरांनी पट्टी उचलून आणली. मग डॉक्टर हळूच म्हणाल्या, "परत म्हणा."

"दमानं."

परत ताडकन. गोठ्यातून कोयनेनं तेवढी मान वळवून बघितलं.

"आता गं बया!" नंदू म्हणाली.

"यादीत 'हळू' हा शब्द होता ना काका? तुम्ही 'हळू' का नाही म्हणालात?"

"हळू म्हणतंय कोण, डॉक्टर?" आकारामना प्रश्नच कळला नाही. "हळू म्हणजे पाव्हण्याला म्हटल्यागत वाटतंय. लेकराला आणि जनावराला दमानंच म्हणायचं."

डॉक्टर कपाळाला हात लावून बसल्या. दाण्याला पुस्तकी मराठी शिकवली होती. 'दमानं' हा शब्द यादीत नाही म्हटल्यावर त्यानं आपल्या अकलेनं तो फोडला. जोरानं म्हणजे जोर लावून. नेटानं म्हणजे नेट लावून. तर मग दमानं म्हणजे दम लावून! व्याकरणात चूक काढायला जागाच नव्हती. सबुरीनं, जपून, घाई न करता, हा अर्थ कळायला दाणा काही गंगावेशीत जन्मलेला नव्हता.

"किती वेळा झालं असं?" नंदूनं विचारलं.

डॉक्टरांनी डायरीतला आकडा वाचला. "अकरा हजार दोनशे सहा."

आकाराम मटकन पोत्यावर बसले. "म्हणजे मी जप जप म्हणत होतो, आणि त्याला जोर लाव जोर लाव ऐकू येत होतं? नऊ महिने?" त्यांनी नंदूच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुटला असता की ओ! पोरीचा पाय माझ्याच तोंडानं मोडला असता."

"मोडला नाही आबा. गप बसा."

"गपच बसाय पायजे होतं मी."

"काका, इकडं बघा आधी," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. "हे आमच्या बाकीच्या रुग्णांचे बंध. आणि हा नंदूचा. दीडपट जाड आहे. आधी तो आतल्या आत आवळायचा, आता पाय उडवण्याइतकी ताकद आलीय त्याला. दिवसातून पन्नास वेळा पूर्ण ताण द्यायचं धाडस आम्ही कुणाच्या बाबतीत केलं नसतं. तुम्ही नकळत केलंत. आणि ही दुसरी रेघ बघा. ही दाण्याची नाही, नंदूची आहे. तुम्ही 'दमानं' म्हणता तेव्हा तिचा श्वास लांब होतो, छातीचे ठोके उतरतात, मांडीच्या नसेत एक बारीक थरथर उठते. दर वेळी तीच, तशीच. दाण्यानं चुकीचा अर्थ घेतला, पण तिच्या शरीरानं बरोबर घेतला. मन शांत आणि गुडघा घट्ट, दोन्ही एकदम."

आकारामना त्यातलं अर्धंच ऐकू गेलं असावं. ते टॉवेलानं डोळे पुसत होते.

डॉक्टरांनी पट्टीवरून एक खूण पाठवली आणि दाण्याचा कान बंद झाला. "म्हणा आता."

"न्हाई म्हणत," आकाराम म्हणाले.

शेवटी नंदूनंच शब्द उच्चारून बघितला. पाय हलला नाही. तिनं गुडघ्यावर हात फिरवला. "आता हा कुणाचं ऐकणार?"

"तुझं. तुझ्या नसांमधून जे येईल ते."

"माझं?" नंदू म्हणाली. "मी तर ह्याला आजवर काहीच सांगितलो नाही. सगळं आबांनीच सांगितलंय."

आणि नेमकं तेच आडवं आलं. सरावाला नंदू सरळ पळायची ती वाऱ्यासारखी. उजव्या पायावर वळायची, उडी घ्यायची. पण डाव्या पायावर वळायची वेळ आली की अर्धं पाऊल अडखळायची आणि चेंडू मागं देऊन मोकळी व्हायची. दोरीबाहेर उभ्या आकारामना ते अर्धं पाऊल बरोबर दिसायचं. डॉक्टर रोज पुण्यातून डायरी बघायच्या. बंधात काही दोष नाही, असं सांगायच्या. तू त्याच्याकडं मागतच नाहीस नंदू, तो देणार कसा?

घरात तर अवकळा आली होती. आकारामनी तो शब्दच टाकला. कान बंद झालाय, आता खुशाल म्हणा, असं डॉक्टरांनी फोनवर तीनदा सांगितलं. हे आपले मुके. लेकीला जिना उतरताना बघायचे, तोंड उघडायचे, आणि परत मिटायचे. म्हशीलाही म्हणेनात. परिणाम असा झाला की चौथ्या दिवशी कोयनेनं पान्हा चोरला. कट्ट्यावरची गिऱ्हाईकं रिकामे पेले घेऊन परत गेली.

"म्हशीवर तरी राग काढू नका, आबा," नंदू म्हणाली.

"राग न्हाई गं. एकदा चुकलेलं तोंड हाय हे. भ्या वाटतं."

"मला पण वाटतंय."

आकारामनी धार सोडून तिच्याकडं बघितलं. लहानपणी झाडावरून पडली तरी भ्या वाटतं म्हणाली नव्हती ही.

"वळताना तो आवाज आठवतो," नंदू खाली बघत म्हणाली. "तुटतानाचा. सुकी काटकी मोडल्यागत. गुडघा काय तुटणार नाही, डॉक्टर सांगतात, मला पटतंय. पण पायाला पटत नाही त्याला मी काय करू?"

ह्यावर काय बोलायचं असतं ते आकारामना पक्कं ठाऊक होतं. एकच शब्द होता. तो त्यांनी गिळला आणि कोयनेच्या पाठीवर नुसता हात ठेवला.

सामन्याच्या दिवशी गाव लोटलं होतं. कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की म्हातारीकोतारीही छत्री घेऊन येतात, त्यात आपली नंदू खेळणार. आकाराम पहिल्या रांगेत बसले होते. शेजारी डॉ. कर्णिक. आकारामच्या तोंडात टॉवेलाचा बोळा होता.

"काका, काढा तो. कान बंद आहे त्याचा, किती वेळा सांगू?"

आकारामनी मान हलवली. बोळा काढला नाही.

साठाव्या मिनिटाला नंदू आत आली. मैदान नुसतं घुमलं. पहिली पंधरा मिनिटं ती बरी खेळली, म्हणजे बेतानं. पंचाहत्तराव्या मिनिटाला चेंडू तिच्या डाव्या पायात आला, पुढं मोकळी जागा होती, नुसतं वळायचं होतं. ती अर्धं पाऊल अडखळली आणि चेंडू मागं दिला. सगळ्या गॅलरीतून एक लांबलचक 'अरारारा' उठलं. कडेला उभ्या प्रशिक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. आकारामनी ते बघितलं आणि बोळा दातांत आणखी घट्ट दाबला.

एक्क्याऐंशीव्या मिनिटाला परत तसंच झालं. चेंडू आला, उजवीकडून बचावपटू अंगावर धावून आली. मागं द्यायला कुणी नव्हतं. वाट एकच होती, डाव्या पायावरून.

नंदू वळली.

आकारामना ते सावकाश दिसल्यासारखं वाटलं. तिचे खांदे सैल पडले, जणू तिला कसली घाईच नाही. डावा पाय जमिनीत रोवला गेला, गुडघा खुंट्यासारखा घट्ट उभा राहिला आणि सगळी पोरगी त्याच्याभोवती गर्रकन फिरून पलीकडं निघून गेली. बचावपटू गवतावर बसली होती. नंदूनं चेंडू मारला. तो आडव्या दांड्यावर आदळून गॅलरीत गेला.

गोल झाला नाही. पण कोल्हापूरकरांनी जो दंगा केला, तो गोलाला करतात त्याहून मोठा होता. प्रशिक्षकांनी मघाचं लिहिलेलं खोडलेलं डॉक्टरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आकाराम बोळा तोंडात तसाच ठेवून ढसाढसा रडत होते.

सामन्यानंतर मैदानामागच्या छोट्या खोलीत नंदू पाय लांब करून बसली. डॉक्टरांनी पट्टी लावून डायरी उघडली. समोर महासंघाचा कागद होता. त्यावर एकच प्रश्न होता, 'खेळाडूच्या जाणत्या बंधाला सामन्यात बाहेरच्या आवाजाची मदत मिळाली का?' आणि खाली दोन चौकोन, हो आणि नाही. तो भरून सही केली की नंदूचं नाव यादीत जाणार होतं.

डॉक्टरांचं पेन कागदावर टेकलं आणि थांबलं.

"काका, एक्क्याऐंशीव्या मिनिटाला तुम्ही बोललात?"

आकारामनी टॉवेल पुढं केला. त्याला दातांची भोकं पडली होती.

"नंदू, तू म्हणालीस? मनातल्या मनात?"

"काय म्हणायला वेळ कुठं होता, डॉक्टर? वळलो नुसता. का?"

डॉक्टरांनी डायरी त्यांच्याकडं फिरवली. एक्क्याऐंशीव्या मिनिटासमोर दाण्यानं स्वच्छ नोंद केली होती: 'सोबत्याचा आवाज. दमानं. पूर्ण ताण.'

बाहेर लोक नंदूच्या नावानं ओरडत होते.

"कान उघडा राहिला होता का?" नंदूनं घाबरून विचारलं.

"नाही. तेच तर." डॉक्टरांनी दोनदा तपासलं, मग तिसऱ्यांदा. मग नंदूची ती दुसरी रेघ मोठी करून बघितली. "आवाज आलाच नव्हता. पण आवाज ऐकल्यावर तुझ्या शरीरात जे होतं, ते झालं. श्वास लांब झाला, ठोके उतरले, मांडीच्या नसेत तीच थरथर उठली. अकरा हजार वेळा दाण्यानं ती थरथर आणि काकांचा आवाज एकत्र अनुभवलाय. कान नसतानाही त्यानं ओळखलं. त्याला वाटलं, काकाच बोलले."

"म्हणजे मीच सांगितलो त्याला?"

"तू सांगितलंस. पण काकांच्या आवाजात." डॉक्टरांनी डोळ्यावरचा चष्मा काढला. "मला नियम माहीत आहे, नंदू. मी खोटं लिहिणार नाही. 'हो' लिहिलं तर तुझा मोसम गेला. 'नाही' लिहिलं तर डायरीत नोंद आहे, उद्या कुणी विचारलं तर मी काय सांगू? हा आवाज बाहेरचा की आतला, हे मला कळायला हवं. काका, तुम्हीच सांगा."

आकारामनी टॉवेलाची घडी घातली, परत उलगडली.

"डॉक्टर, तो शब्द माझा न्हवंच," ते म्हणाले. "माझ्या आईचा. मला पंचगंगेत पोहाय शिकवलं तिनं. पोटाखालचा हात काढून घेताना म्हणायची, दमानं रं बाळा, दमानं. तिला जाऊन बावीस वर्षं झाली. अजून पाण्यात उतरलो की कानात येतं, आणि मगच हातपाय हलत्यात. आता तुमच्या कागदाच्या हिशेबानं, मी पोहतो ते कुणाच्या मदतीनं?"

डॉक्टर कागदाकडं वळल्या. त्यांनी पेन उचललं, एका चौकोनावर नेलं, मग दुसऱ्यावर. इतक्या सह्या केलेला त्यांचा हात आज कापत होता.

"दमानं, डॉक्टर," आकाराम म्हणाले. "घाई न्हाई."

तीन आठवड्यांनी तो शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडला होता. तिघांनीही दचकून नंदूच्या गुडघ्याकडं बघितलं. तो जागचा हलला नाही. पण नंदूचे खांदे सैल झाले होते, आणि डॉक्टरांच्या लक्षात आलं की आपलाही श्वास लांब झालाय, हातही कापायचा थांबलाय. आपल्या गुडघ्यात तर कसला दाणा नाही. मग हा आवाज बाहेरचा म्हणायचा, की आतला?